गृहध्वनिमुद्रणाची कैफियत

मनुष्याने आपला आवाज यंत्रात उतरवून घ्यावा आणि मग तो चारचौघांना वारंवार ऐकवून त्यांच्या सौजन्याची परीक्षा पाहावी, ही सोय एके काळी फार थोड्यांच्या नशिबी होती. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या साहेबापुढे गौहर जान भोंग्यात तोंड घालून गाइली आणि तीनेक मिनिटांची मुदत भरण्यापूर्वी आपले नावही ठणकावून सांगून मोकळी झाली. तेव्हापासून पुढे कैक वर्षे, ज्याच्यावर कंपनीची मेहेरनजर होईल त्याचाच गळा तबकडीवर चढत असे आणि बाकीच्या गुणीजनांना न्हाणीघरावर समाधान मानावे लागे. आता काळ असा फिरला आहे की, कापशी चपलेच्या एका चांगल्या जोडाला जे दाम पडते तेवढ्यात मायक्रोफोन, त्याची तार, तोंडापुढची जाळी आणि मेजाला आवळावयाचा लोखंडी हात एवढा सरंजाम पुठ्ठ्याच्या एकाच खोक्यातून घरपोच येतो. परिणामी कोल्हापुरात मंगळवार पेठेपासून राजारामपुरीच्या शेवटच्या गल्लीपर्यंत, ज्या घरात पूर्वी माळ्यावर बाजाची पेटी धूळ खात पडलेली असे त्या घरात आज 'स्टुडिओ' निघाला आहे. स्टुडिओ म्हणजे बहुधा पलंग आणि भिंत यांच्यामधली अडीच फुटांची जागा असते, परंतु तिच्या मालकाच्या बोलण्यातला दिमाख ऐकला तर जयप्रभा स्टुडिओही संकोचाने अंग चोरून बसेल.

कोल्हापूरकरांना या उद्योगाचा वारसा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. विलायती कॅमेऱ्यावाचून आपले घोडे अडले आहे हे ओळखून बाबूराव पेंटरांनी १९१८ साली याच गावात, विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून, लेथवर पुर्जे कातून स्वतःचा कॅमेरा उभा केला, आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. १९२९ साली प्रभात कंपनी निघाली तीही येथेच, आणि १९३२ साली मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' तयार झाला तेव्हा ध्वनीचे खाते ज्यांनी सांभाळले ते दामले म्हणजे तेच कॅमेऱ्याचे पुर्जे जुळविणारे विष्णुपंत. ध्वनिमुद्रणाचे महाविद्यालय नाही, पदविका नाही, गुरू नाही; यंत्र समोर ठेवले आणि त्याच्याशी झटून त्याला बोलते केले. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचे स्मारक आहे. मायक्रोफोनचे स्मारक गावात अद्याप कोठे झालेले नाही, परंतु मायक्रोफोन घेतलेल्यांची संख्या ज्या वेगाने वाढते आहे तो पाहता एखादा चौक त्यासाठी आताच राखून ठेवलेला बरा.

याच गावात याच्या नेमका उलट दाखलाही आहे, आणि त्याचा पुतळा देवल क्लबपाशी उभा आहे. शाहू महाराजांच्या दरबारी ज्यांनी वर्षानुवर्षे गायन केले त्या अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आज कोणत्याही तबकडीवर ऐकावयास मिळत नाही; १९४६ साली ते गेले आणि त्यांच्याबरोबर तो गळाही गेला. ज्यांनी जयपूर घराण्याची गायकी महाराष्ट्राला दिली त्यांची एक ओळही शिल्लक नसावी, आणि आमच्या गल्लीतील एका तरुणाची तब्बल दोन 'आल्बम' शिल्लक असावीत, हा न्याय कोणत्या दफ्तरात बसवावा ते कळत नाही. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर याही मायक्रोफोनकडे संशयाने पाहणाऱ्यांपैकीच. पण त्यांनी गाइलेली 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत बसून सूर्यमालेबाहेर चालती झाली. ज्यांना यंत्र नको होते त्यांचा आवाज ग्रहगोलांपलीकडे पोहोचला, आणि ज्यांनी हप्त्यावर यंत्र घेतले त्यांचा आवाज जिन्याखालीही नीट पोहोचत नाही.

तो न पोहोचण्याचे कारण यंत्राच्या स्वस्ताईत आहे असा पुष्कळांचा समज असतो आणि म्हणून ते उत्तरोत्तर महाग यंत्रे घेत जातात. आमचे मत निराळे आहे. या खटाटोपात यंत्र, संगणक, तार, जाळी, सर्व काही स्वस्त झाले आहे. महाग राहिली आहे ती केवळ शांतता, आणि ती कोल्हापुरात सुटी विकत मिळत नाही.

नवशिका मनुष्य प्रथम जो मायक्रोफोन आणतो तो हमखास 'कंडेन्सर' जातीचा असतो, कारण चित्रपटांतील गायक-गायिका ज्याच्यापुढे डोळे मिटून उभ्या राहतात तो तसाच दिसतो. त्याच्या पोटात केसाहूनही पातळ पडदा ताणलेला असतो, त्याला जागे ठेवण्यासाठी ४८ व्होल्टचा खुराक तारेतूनच द्यावा लागतो, आणि एकदा जागा झाला म्हणजे वाड्याच्या दिंडीदरवाजात बसलेल्या म्हातारीप्रमाणे तो पंचक्रोशीतले सर्व काही ऐकतो व त्यातले काहीही विसरत नाही. गाणाऱ्याचा षड्ज, त्याच्या पोटातली गुरगुर, वरच्या मजल्यावर सरकलेली खुर्ची आणि दूरच्या रस्त्यावर वळण घेणारी एसटी यांत तो उच्चनीच भेद मानीत नाही. त्याच्या मानाने 'डायनॅमिक' नावाचा, चुंबकात हलणाऱ्या वेटोळ्यावर चालणारा ठोकळ्या स्वभावाचा मायक्रोफोन पुष्कळ बरा. त्याला वीतभर अंतरावरचे तेवढे ऐकू येते आणि दूरच्या भानगडीत तो सहसा पडत नाही. परंतु तो भजनी मंडळात आणि निवडणुकीच्या सभेत दिसतो, म्हणून नवशिक्याला त्यात कलावंताची प्रतिष्ठा दिसत नाही.

आमच्या शेजारचे आण्णा निवृत्त तलाठी आहेत. तीसेक वर्षे लोकांच्या जमिनींचे उतारे लिहिण्यात हयात गेल्यावर आपल्या स्वतःच्या नावावरही काहीतरी चढावे या इच्छेने त्यांनी स्वतःच रचलेले एक भावगीत मुद्रित करण्याचे मनावर घेतले, आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्याने "आण्णा, नाद खुळा करूया!" असे आश्वासन देऊन त्यांच्यासाठी कंडेन्सर मायक्रोफोन मागविला. पहिल्याच मुद्रणात गाण्याखेरीज इतके काही सापडले की, आण्णांच्या अंगातला महसूल खात्याचा माणूस खडबडून जागा झाला. त्यांनी एक आडव्या रेघांचे रजिस्टर घेतले, रकाने पाडले, आणि ध्वनींची रीतसर नोंद सुरू केली. ते रजिस्टर आम्ही प्रत्यक्ष चाळले आहे. सकाळी ६.१०: मोटारसायकल, दूधवाल्याची, शेरा: हरकत घेता येत नाही, दूध लागते. सकाळी ७.४०: घंटागाडीवरील गाणे, शेरा: सूर आमच्याहून बरा. सकाळी ११.०५: कुकरची शिटी, नग चार, उगम: घरातीलच, शेरा: विषय नाजूक. दुपारी २.२०: दुसऱ्या अंतऱ्यानंतर पाल चुकचुकली, शेरा: शंका रास्त. रात्री ९.००: शेजारच्या घरातील मालिकेचे शीर्षकगीत, शेरा: हीच मालिका आपल्या घरीही चालू असल्यामुळे फिर्याद चालणार नाही. रात्री १.३०: भिंतीवरील घड्याळाची टिकटिक, शेरा: सेल काढून घेतला. या शेवटच्या नोंदीपुढे दुसऱ्या शाईत आणि दुसऱ्या हस्ताक्षरात लिहिलेले आहे: 'सकाळची गाडी चुकली.'

कुकरचा विषय नाजूक का, हे विवाहित वाचकांस सांगावयास नको. आण्णांनी काकूंपुढे असा प्रस्ताव मांडला की, दुपारी दोन ते चार या मुदतीत स्वयंपाकघराने संपूर्ण मौन पाळावे. काकूंनी त्यावर, "गाणं थांबतंय हो, डाळ थांबत न्हाई," एवढ्या एका वाक्यात निकाल देऊन अपिलाचा मार्गही बंद केला. मग पुतण्याने मध्यस्थी केली. या मायक्रोफोनची पाठ बहिरी असते, तो समोरचे ऐकतो आणि मागचे फारसे ऐकत नाही, हे शास्त्रीय सत्य त्याने आण्णांस समजावून दिले आणि मायक्रोफोनची पाठ स्वयंपाकघराकडे करावी असे सुचविले. त्यामुळे गाताना आण्णांचे तोंड स्वयंपाकघराकडे झाले, आणि आजवर जे भावगीत कोणा अज्ञात प्रेयसीला उद्देशून होते ते आता थेट काकूंच्या अंगावर जाऊ लागले. काकूंनी दार ओढून घेतले. त्या दारामुळे शिट्यांचा आवाज निम्म्याने कमी झाला, म्हणजे तंत्राच्या दृष्टीने तोडगा उत्तमच निघाला.

शिट्या कमी झाल्या तेव्हा त्यांच्या खाली दडलेला एक अखंड गुंजारव ऐकू येऊ लागला. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते आणि जेथे भिंतीतील अर्थिंग नावापुरते असते तेथे ती मायक्रोफोनच्या तारेत शिरून अष्टौप्रहर घुमत राहते. पुतण्याने तो घुमारा पेटीवर लावून पाहिला तर तो पांढरी पाचच्या किंचित वर निघाला. आण्णा गातात पांढरी एकमध्ये. तेव्हा त्यांना तंबोऱ्याचा पंचम घरबसल्या आणि फुकट मिळाला होता, फक्त जरासा चढा. मिरजेच्या तंबोऱ्यांना अलीकडे, २०२४ साली, भौगोलिक मानांकन मिळाले. या विद्युत्-पंचमाला ते मिळण्याचा संभव नाही. लॅपटॉपच्या चार्जरचे बटण बंद करून त्याला त्याच्या बॅटरीवर चालविले तर हा उपद्रव पुष्कळ वेळा नाहीसा होतो. मात्र बॅटरी जुनी असेल तर गाणे अंतऱ्यापाशी आले की लॅपटॉप मान टाकतो.

खोलीचा मुद्दा आम्ही जरा विस्ताराने मांडणार आहोत, कारण यात लोक सर्वांत जास्त फसतात. शहाबादी फरशी, चुन्याच्या चार समोरासमोरच्या भिंती आणि वर काँक्रीटचा स्लॅब अशा खोलीत उच्चारलेला प्रत्येक शब्द दोनदोन, चारचार वेळा परत येऊन भेटतो; बोलताना ते ध्यानात येत नाही, मुद्रणात मात्र गायक विहिरीच्या तळाशी उभा असल्याचा पक्का पुरावा मिळतो. यावर अंड्यांचे रिकामे ट्रे भिंतींना चिकटवावेत अशी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. पातळ पुठ्ठ्याने खर्जातल्या घुमाऱ्याचे काहीही वाकडे होत नाही. ज्या घरात आजी माळकरी असते तेथे तर भिंतीवरचे ते दृश्य पाहून जो आवाज उठतो तो मुद्रणात येतो, आणि तो काढून टाकण्याची युक्ती अजून निघालेली नाही. खरा उपाय त्याच आजीच्या पेटीत घडी करून ठेवलेला असतो. जुन्या लुगड्यांचे थरावर थर देऊन हाताने टाके घातलेली वाकळ ही ध्वनी गिळण्याच्या कामी इतकी गुणकारी आहे की, गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर एक आणि दोन्ही बाजूंस एकेक अशा तीन वाकळा टांगल्या म्हणजे परदेशी फोमच्या चौकोनांची याद राहत नाही. तेही न जमले तर कपड्यांचे कपाट सताड उघडावे, मायक्रोफोन साड्यांच्या आणि सदऱ्यांच्या मध्ये धरावा आणि आत तोंड घालून गावे. डांबरगोळ्यांच्या वासाने वरच्या षड्जाला ठसका लागतो, एवढाच काय तो यातला दोष.

तोंडापुढच्या जाळीबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. प, फ, ब, भ ही अक्षरे उच्चारताना ओठांतून जो वाऱ्याचा झोत सुटतो तो पडद्यावर आदळून मुद्रणात बंदुकीचा बार उडतो. विलायती गीतकारांना हे संकट एखाददुसऱ्या वेळी भेटत असेल. आपल्याकडे पंढरी, पांडुरंग, पुंडलिक, भाव, भक्ती आणि भजन असा सगळाच परमार्थ ओष्ठ्य वर्णांवर उभा असल्यामुळे एक साधा अभंग म्हणजे तोफांची सलामी होऊन बसते. खोक्यातून आलेली जाळी आठवड्यात ढिली पडते. त्यापेक्षा भरतकामाची लाकडी रिंग घेऊन तीत जुन्या नायलॉनच्या मोज्याचे दोन पदर ताणावेत आणि ती तोंड व मायक्रोफोन यांच्या मध्ये चार बोटांवर धरावी. खर्च शून्य, आणि पांडुरंगही निर्विघ्न पार पडतो.

एवढे झाल्यावर मनुष्य कानावर हेडफोन चढवून स्वतःचे गाणे प्रथमच ऐकतो, आणि "हा माझा आवाज नव्हे," असे जाहीर करतो. आण्णांनीही तेच केले. यंत्रात बिघाड आहे, अशी लेखी तक्रार करण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. वास्तविक आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून तर ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि ही हाडे त्यात खर्जाची जी भर घालतात तिच्यामुळे प्रत्येक गृहस्थ स्वतःला भारदस्त समजत असतो. मायक्रोफोन आपल्या कवटीच्या बाहेर असल्यामुळे त्याला ही सवलत मिळत नाही. हे ऐकून आण्णा बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी हळूच काकूंना विचारले, "मी नेहमी असाच बोलतो?" काकू म्हणाल्या, "तीस वर्सं झाली."

तबलजींची व्यथा निराळी. मायक्रोफोनात शिरलेला आवाज संगणकात जाऊन परत कानात यावयास वेळ लागतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या यंत्राने १,०२४ नमुन्यांचा साठा जमवूनच काम सुरू करावयाचे ठरविले तर एका खेपेला सुमारे २३ सहस्रांश सेकंद जातात, आणि जाण्यायेण्याचे मिळून अंतर इतके पडते की, बोट चाटीवर पडून गेल्यानंतर बोल कानी येतो. आमच्या परिचयाचे एक तबलजी या अनुभवानंतर हेडफोन काढून ठेवीत म्हणाले, "समेवर मी आलो, तबला मागनं यायलाय." साठा १२८ वर आणावा, किंवा मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या ध्वनिपेटीवर 'डायरेक्ट मॉनिटर' असे बटण असते ते दाबावे, म्हणजे दोघे एका वेळी पोहोचतात.

मुद्रणोत्तर संस्कारांविषयी थोडक्यात लिहितो. 'ऑडॅसिटी' हे २००० सालापासून फुकट मिळणारे साधन घरगुती कामाला पुरून उरते. त्यात गोंगाट कमी करण्याची एक युक्ती आहे. तिला आधी काही सेकंदांचा नुसता गोंगाट नमुन्यादाखल ऐकवावा लागतो. कोल्हापुरात हा नमुना मिळविण्यास मुळीच आयास पडत नाहीत. बेसूर गळा सुरात आणणारे 'ऑटोट्यून' १९९७ साली ज्या गृहस्थाने काढले तो त्यापूर्वी भूकंपलहरींच्या पृथक्करणावरून जमिनीखालचे तेल शोधण्याच्या कामात होता, यावरून त्या यंत्राला किती खोलवर खणावे लागत असेल याची कल्पना यावी. मात्र सर्वसाधारण मांडणीत ते पेटीच्या बारा पट्ट्यांपलीकडचे काही जाणत नाही. मींड दिसली की तिच्या पायऱ्या पाडते आणि आंदोलित गांधाराला दटावून एका जागी उभा करते. भावगीत, अभंग किंवा ख्याल यांच्या वाटेला त्याने जाऊ नये, असा मनाई हुकूम आमच्या हाती असता तर आम्ही तो आजच काढला असता.

राहता राहिला मुहूर्ताचा प्रश्न. पावसाळ्यात पत्र्यावर जे कोसळते त्याखाली काही मुद्रित होत नाही. श्रावण संपतो न संपतो तोच तालमीतालमींतून गणपतीच्या मिरवणुकीची तयारी सुरू होते आणि डॉल्बीच्या भिंतींनी घराची तावदाने ताल धरू लागतात; त्यामागोमाग नवरात्र, दसरा, दिवाळी, मग लग्नसराई, आणि तीत भरीस भर म्हणून शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा हंगाम, ज्यात हरलेली पेठ तेवढी शांत असते. वैशाखात शांतता असते खरी, परंतु पंखा बंद ठेवावा लागतो आणि गवयाच्या घामाचे थेंब तारेच्या जोडावर पडतात. तेव्हा दिवसाचा नाद सोडून रात्री दोनचा सुमार धरावा हेच शहाणपणाचे. यात कमीपणा कसला? १९३१ साली अर्देशीर इराणींनी 'आलम आरा' हा हिंदुस्थानातला पहिला बोलपट मुंबईत बोलता केला, तोही स्टुडिओशेजारून धावणाऱ्या आगगाड्यांच्या भीतीने रात्री एक ते चारच्या दरम्यान.

आमचा हिशेब विचाराल तर एक साधा डायनॅमिक मायक्रोफोन, एक तोंडाची छोटी ध्वनिपेटी, कान बंद करणारा हेडफोन आणि घरच्या तीन वाकळा, एवढ्यात दहा-बारा हजारांच्या आत सगळा संसार बसतो; त्यापुढचा पैसा हौसेचा. आण्णांचे गाणे अखेर पुरे झाले आणि ते बऱ्यापैकी झाले आहे. दुसऱ्या अंतऱ्यानंतरची पाल त्यांनी ठेवून घेतली, कारण ती समेवर आहे.

पेठेतील वाचकांस शेवटी एक नम्र विनंती. कोणाच्या दारावर 'रेकॉर्डिंग चालू आहे' असा कागद लावलेला दिसला, तर कृपया बेल वाजवून "कसलं रेकॉर्डिंग चाललंय?" अशी चौकशी करू नये.